पोरांचे गुण, थोरांचे गुण
(वसंत व्याख्यानमालेत कोल्हापूर येथे दिलेले व्याख्यान)



या उकाड्यात तुम्ही फुटसलवरचं व्याख्यान ऐकायला जमलात याचं मला अप्रूप आहे. कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला आणि मी 'फुटसल' म्हटलं, तेव्हा पलीकडून क्षणभर आवाजच आला नाही. मग प्रश्न आला, "म्हणजे टर्फवर खेळतात तेच ना, सर?" तिथूनच सुरुवात करतो, कारण ते तेच नाही.

टर्फवर चारी बाजूंनी जाळी असते. चेंडू जाळीला लागून परत येतो, खेळ चालू राहतो. तासाचे पैसे भरलेले असतात, चेंडू आणायला कुणी गटारात उतरायचं? सोय म्हणून ते ठीक आहे. फुटसलमध्ये जाळी नसते, रेष असते. खाली गवत नसतं, लाकडाची किंवा तशीच सपाट, टणक जमीन असते. पास हातभर चुकला की चेंडू रेषेबाहेर आणि ताबा दुसऱ्याकडे. चेंडू आत घ्यायला चार सेकंद मिळतात. पंच बोटं वर करून मोजत असतो. चौथं बोट उघडेपर्यंत चेंडू खेळात आला नाही तर तोही हक्क गेला. वर्षभर जाळीच्या भरवशावर खेळलेला मुलगा पहिल्यांदा रेषेच्या मैदानावर उतरतो तेव्हा त्याची काय त्रेधा उडते ती मी पाहिली आहे.

आता या खेळाचा चेंडू. मी नोकरीत नवा होतो तेव्हा पावसाळ्यात शाळेच्या सभागृहात पोरांना फुटबॉल खेळायला दिला. साधाच, मैदानावरचा. दहाव्या मिनिटाला एक ट्यूबलाइट आणि एका माजी अध्यक्षांची तसबीर, दोन्ही खाली. मुख्याध्यापकांनी मला जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही. फुटसलचा चेंडू आकाराने लहान, चार नंबरचा असतो आणि तो मुद्दाम कमी उसळणारा बनवतात. दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला तो ५० ते ६५ सेंटिमीटरच वर यावा, असा नियमच आहे. म्हणजे चेंडू पायापाशी राहतो, तसबिरी भिंतीवर राहतात. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर माझी पहिली वेतनवाढ लांबली नसती.

हा खेळ काढला तोही एका शिक्षकानेच. हुआन कार्लोस सेरियानी त्यांचं नाव. साल १९३०, गाव मोंटेव्हिडिओ, उरुग्वेची राजधानी. ते साल ध्यानात घ्या. उरुग्वेने १९२४ आणि १९२८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं फुटबॉलमध्ये घेतली होती, आणि १९३०च्या जुलैत पहिला विश्वचषक त्यांच्याच गावात झाला. अंतिम सामन्यात त्यांनी अर्जेंटिनाला ४-२ असं हरवलं. गावातल्या प्रत्येक पोराला फुटबॉलच हवा होता. सेरियानी वायएमसीएत शिकवत. तिथे जागा होती ती बास्केटबॉलच्या कोर्टाएवढी. मैदान वाढवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी खेळ लहान केला. पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटं त्यांनी बास्केटबॉलकडून घेतली, कोर्टाची आणि गोलची मापं हँडबॉलकडून, गोलकीपरचे नियम वॉटर पोलोकडून आणि चेंडू पायाने खेळायचा हे अर्थातच फुटबॉलकडून. असली उघड उसनवारी मला फार आवडते. गंमत म्हणजे बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळसुद्धा वायएमसीएच्याच शिक्षकांनी बंद सभागृहासाठी काढलेले.

उरुग्वेतून खेळ ब्राझीलला गेला. 'फुटबॉल दे सालोन', म्हणजे दिवाणखान्यातला फुटबॉल, हे मूळ नाव. त्याचंच आखडून 'फुटसल' झालं. १९६५ साली दक्षिण अमेरिकेतल्या देशांची पहिली स्पर्धा भरली आणि ती पॅराग्वेने जिंकली, ब्राझीलने नव्हे. १९७१मध्ये रिओ दि जानेरोला फिफुसा ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षांचं नाव जाओ हावेलांज, आणि तीनच वर्षांनी तेच गृहस्थ फिफाचे अध्यक्ष झाले! पुढे फिफाने आपली वेगळी स्पर्धा १९८९ साली नेदरलँड्समध्ये सुरू केली आणि फिफुसाच्या वारसांनी आपली चालूच ठेवली. म्हणून आजही फुटसलचे दोन विश्वचषक आहेत. एका खेळाच्या दोन संघटना, दोघींचे शिक्के, दोघींच्या चुली वेगळ्या, हे आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पुढे जातो.

आज मला मुख्यतः सांगायचं आहे ते एका गुणतक्त्याबद्दल. दक्षिण अमेरिकेतल्या दहा देशांचा फुटबॉल कारभार पाहणारी कॉन्मेबॉल नावाची महासंघटना आहे, पॅराग्वेत असुनसिऑनजवळ लुके इथे तिचं कार्यालय. तिने २०१७ साली राष्ट्रीय संघांसाठी फुटसलची एक लीग सुरू केली. 'लिगा एव्होलुसिऑन' या नावाने ती ओळखली जाते. एव्होलुसिऑन म्हणजे उत्क्रांती. देशांचे दोन गट: दक्षिणेला अर्जेंटिना, ब्राझील, चिली, पॅराग्वे, उरुग्वे आणि उत्तरेला बोलिव्हिया, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, व्हेनेझुएला. इथवर नवं काही नाही. नवं पुढे आहे. प्रत्येक देश दोन संघ घेऊन येतो, एक वरिष्ठ आणि एक वीस वर्षांखालचा. दोन्ही संघ आपापल्या वयाच्या संघांशी साखळी खेळतात आणि दोघांच्या गुणांची बेरीज एकाच तक्त्यात होते. गटात पहिला येतो तो देश, नुसता वरिष्ठ संघ नव्हे.

हिशेब करू या. गटात पाच देश, म्हणजे प्रत्येक संघाला चार सामने. विजयाला तीन गुण. वरिष्ठांनी सगळे जिंकले तर बारा. पोरांनी सगळे जिंकले तर आणखी बारा. समजा एखाद्या देशाच्या वरिष्ठ संघाने चारही सामने जिंकले, पण पोरांनी चारही घालवले. बारावर बारा घेतलेला तो देश चोवीसपैकी बाराच गुणांवर बसतो. शेजारच्या देशाचे मोठे दोनच सामने जिंकले आणि पोरं तीन, तर त्याचे पंधरा. म्हणजे तीस वर्षांच्या कसलेल्या खेळाडूचं यश अठरा वर्षांच्या पोराच्या पायात अडकलेलं. वरिष्ठांच्या प्रशिक्षकाला पोरांचा सामना बघायला बसावंच लागतं. महासंघाच्या कारभाऱ्यांना 'युवा विकास' हा शब्द भाषणात वापरून भागत नाही, तो तक्त्यात दिसतो.

खेळात भविष्याबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. मी स्वतः अनेक बक्षीस समारंभांत बोललो आहे. भविष्याला आजच्या तारखेचे गुण देणारी स्पर्धा मात्र मला दुसरी चटकन आठवत नाही. हिला फिफाच्या विश्वचषकाचं वलय नाही, आणि आपल्या वर्तमानपत्रांत तिचा निकाल छापून आल्याचं मी पाहिलेलं नाही. पण त्यामागची बुद्धी मला विश्वचषकाइतकीच मोलाची वाटते.

फुटसलमध्ये हे विशेष का जमतं? कारण इथे पोरगा लपू शकत नाही. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये एखादा विंगेत उभा राहून वीस मिनिटं काढू शकतो. इथे कोर्ट ४० बाय २०च्या आसपास आणि खेळाडू चार अधिक गोलकीपर. चेंडू सारखा पायाशी येतो. खेळाडू कितीही वेळा बदला, खेळ न थांबवता बदला. घड्याळ मात्र चेंडू बाहेर गेला की थांबतं, त्यामुळे आघाडीवर असलेल्या संघाने जमिनीवर लोळून वेळ खायची सोयच नाही. फाउलचीही गंमत ऐका. संघाचे फाउल एका अर्धात मोजले जातात. पाचपर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या फ्रीकिकसमोर भिंत उभी करता येते. सहाव्यापासून भिंत नाही. दहा मीटरवरून मारणारा आणि गोलकीपर, मध्ये कुणी नाही. एकाचा धसमुसळेपणा सगळ्यांच्या खात्यात जमा होतो. पेले, रोनाल्डिनो, नेमार, मेस्सी हे सगळे लहानपणी हाच खेळ खेळून आले. आता तसबिरीवाल्या सभागृहाची मला लाज वाटत नाही.

पोरांकडे लक्ष दिलं तर काय होतं, याचा एक दाखला आपल्या खंडातला. आशियाची वीस वर्षांखालची फुटसल स्पर्धा २०१९ साली इराणमध्ये तब्रीझला झाली. जपान जिंकला. अंतिम फेरीत त्याच्यासमोर होता अफगाणिस्तान. ज्या देशाचं नाव आपण बातम्यांत वेगळ्याच कारणांनी ऐकतो, त्या देशाची पोरं आशियात दुसरी आली. पाच वर्षांनी, २०२४मध्ये उझबेकिस्तानातल्या विश्वचषकाला अफगाणिस्तानचा वरिष्ठ संघ पहिल्यांदाच पात्र ठरला, अंगोलाला हरवून बाद फेरीत गेला आणि तिथे हरला तो कुणाकडून? पॅराग्वेकडून. १९६५च्या त्याच पॅराग्वेकडून. तो विश्वचषक पुढे ब्राझीलने अर्जेंटिनाला २-१ हरवून घेतला.

त्याआधीचा, २०२१चा, लिथुआनियात झाला आणि पोर्तुगालने जिंकला. त्यांचा कर्णधार रिकार्डिनो ३६ वर्षांचा होता, आणि त्याच संघात झिकी नावाचा विशीतला पोरगा. त्याचा विसावा वाढदिवस स्पर्धेच्या तोंडावरच झालेला. एका पिढीने दुसरीच्या हातात चेंडू द्यायचा तो असा, कोर्टावर, सामना चालू असताना. मुलींच्या बाबतीत जगाने उशीर केला. २०१८च्या ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये फुटसल आलं तेव्हा मुलामुलींच्या दोन्ही स्पर्धा झाल्या. मुलांत ब्राझील, मुलींत पोर्तुगाल. म्हणजे पोरींना ऑलिंपिकचं पदक मिळालं, पण बायकांना फिफाचा विश्वचषक नव्हता! तो पहिल्यांदा झाला २०२५मध्ये, फिलिपिन्सला.

आणि आपण? २०१६च्या जुलैत आपल्याकडे चेन्नई आणि गोव्यात 'प्रीमियर फुटसल' नावाची लीग भरली. रोनाल्डिनो गोव्याकडून खेळला आणि एका सामन्यात त्याने पाच गोल केले. मुंबईच्या संघात रायन गिग्ज होता. फुटसलचा सर्वांत मोठा जादूगार फाल्काओ चेन्नईकडून उतरला. दोनच महिन्यांनी कोलंबियातल्या विश्वचषकात इराणने ब्राझीलला पेनल्टीवर बाहेर काढलं, तेव्हा ३९ वर्षांच्या याच फाल्काओला इराणच्या खेळाडूंनी खांद्यावर घेऊन हवेत उडवलं. असा माणूस आपल्या दारी आला होता. लोकांनी डोळे भरून पाहिलं, फोटो काढले. दोन हंगामांत सगळं आटोपलं. त्या लीगला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नव्हती, हे एक कारण. पण माझ्या मते आपण कळस आणून ठेवला आणि मग पाया कुठे खणायचा ते विचारत बसलो. भारताचा पुरुष संघ आंतरराष्ट्रीय फुटसल खेळू लागला तो २०२३मध्ये, आणि २०२५च्या सप्टेंबरात कुवेतमध्ये आशियाई पात्रता फेरीत मंगोलियाला ३-० हरवून त्याने पहिला विजय मिळवला. उशिरा का होईना, हा विजय भाड्याचा नाही.

आता थोडं घरचं बोलतो. कोल्हापूरला फुटबॉल कुणी शिकवायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की दुकानदार शटर अर्धं ओढून येतात. आपल्या तालमींचे 'अ' आणि 'ब' संघ असतात. पण 'ब' संघ हरला तर 'अ' संघाच्या जेवणात मीठ कमी पडत नाही. त्याचे गुण वेगळे, त्याचे प्रेक्षक वेगळे, आणि खरं सांगायचं तर बूटही 'अ' संघाने उतरवून दिलेले.

माझं मागणं मोठं नाही. पावसाळ्यात मैदानं चिखलात जातात तेव्हा गावात एखादं बंद सभागृह दोन आठवड्यांसाठी घ्या. कमी उसळीचे चार चेंडू आणा. पाच तालमींना बोलवा आणि प्रत्येकीला सांगा, एक संघ मोठ्यांचा, एक वीसखालच्यांचा, आणि तक्ता एकच. पहिल्या दिवशी पोरांचे सामने आधी लावा आणि मोठ्या खेळाडूंना पुढच्या रांगेत बसवा. पंचाला चार सेकंद मोजायला मी येतो. सभागृहात तसबिरी असतील तर तेवढ्या आधी उतरवून ठेवा.