शेवटचं कडवं कापू नका
(गोंदिया इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



सकाळपासून या मांडवात दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते, जयंतीला डीजे पाहिजेच. दुसरी म्हणते, डीजेनं चळवळ नासवली, आमच्या वेळी काय गाणी होती बाप्पा! आयोजक मला म्हणाले, तुम्ही जुने भोंगेवाले, तुम्ही पोट्ट्यांना समजवा. मी समजवायला उभा नाही. दोन्ही पार्ट्यांना झोडपायला उभा आहे.

आधी म्हाताऱ्यांचा नंबर, कारण मी त्यांच्यातलाच.

'आमच्या वेळी' हा एक रोग आहे. कोणत्या वेळी? १९३० नंतर भीमराव कर्डकांनी जलसा काढला, तो ढाचा तमाशाचा. गण-गवळण बाहेर फेकली आणि त्या जागी बाबासाहेबांचा विचार ठेवला. तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली पहिलं गाणं रचलं, ते सिनेमातल्या गाण्याचं विडंबन. पुढं कव्वाली आली, आपल्या नागपूरकडं नागोराव पाटणकरांनी ती गाजवली. कव्वाली काय बौद्ध वाङ्मयातून आली होती? मग कॅसेट आली, तेव्हाही हेच म्हातारे ओरडत होते की कॅसेटनं गाणं स्वस्त केलं. आज तेच कॅसेट छातीशी धरून रडतात. तेव्हा शुद्ध, सोवळं असं आपलं गाणं कधी नव्हतंच. सोवळं ज्यांचं त्यांना लखलाभ. जे वाद्य, जी चाल, जे यंत्र हाताला लागलं ते आपण उचललं आणि त्यातून बाबासाहेबांचं नाव वाजवलं. डीजे हे त्यातलंच एक यंत्र.

आणि नाचाबद्दल. ज्या रस्त्यावरून आपल्या आज्याला चप्पल काखोटीला मारून चालावं लागलं, त्या रस्त्याच्या मधोमध त्याचा नातू अंग झोकून नाचतो, तर मला काही वाईट वाटत नाही. नाचू द्या जी. कायदा आहे, तोही सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. ते मीटर कुणाच्या गल्लीत आधी चालू होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण बेसनं जिची छाती धडधडते ती म्हातारी आपलीच असते, पाळण्यातलं पोरगंही आपलंच असतं. बॉक्स चार कमी लावा. एवढं बोलून हा विषय सोडतो, कारण माझं खरं भांडण आवाजाशी नाहीच.

माझं भांडण नावाशी आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, लाखेपर्यंत.

माझा मामा भोंगा भाड्यानं द्यायचा. लग्न, बारसं, जयंती, बुद्धपौर्णिमा. मी त्याच्या मागं बॅटरी घेऊन चालायचो. तबकड्यांची एक लाकडी पेटी होती, ती मामीलासुद्धा उघडायची परवानगी नव्हती. त्यात जुन्या ७८ फेऱ्यांच्या जड तबकड्या होत्या आणि नंतरच्या हलक्या, ४५ फेऱ्यांच्या. जड तबकडी हातातून सुटली की खापरासारखी फुटायची. मामा मग दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. त्या जड तबकड्या कशाच्या, माहीत आहे? लाखेच्या. दगडाची भुकटी, काजळी, आणि सगळं धरून ठेवायला चपडा लाख. ही लाख जगाला बहुतांशी भारतानं पुरवली. आपल्या झाडीपट्टीतल्या पळसावर लाखेचा किडा पोसला जातो आणि गोंदिया ही लाखेची बाजारपेठ. १९४२ च्या एप्रिलात अमेरिकन सरकारनं युद्धासाठी लाख राखून ठेवली आणि तबकड्यांच्या वाट्याची लाख ७० टक्क्यांनी तोडली. म्हणजे तिकडं हार्लेममधला काळा माणूस गायचा आणि त्याचा आवाज आपल्या जंगलासारख्या जंगलातल्या लाखेवर उमटायचा. तबकडीच्या मधल्या कागदावर कंपनीचं नाव, कुत्र्याचं चित्र. ज्या गोंड बाईनं फांदीवरून लाख खरवडली, तिचं नाव लिहायला त्या कागदावर जागा नव्हती. लाखेवर नाव नसतंच.

आता त्या काळ्यांच्याच तबकड्यांची पुढची गोष्ट ऐका. ही तुम्हाला आवडेल, कारण यात डीजे आहेत.

इंग्लंडच्या उत्तरेला कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणींची गावं आहेत. मँचेस्टर, विगन. आपल्या परळ-लालबागचे चुलतभाऊ समजा. तिथली गोऱ्या मजुरांची पोरं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून रात्र-रात्र नाचू लागली, आणि नाचायची ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या गाण्यांवर. गाणी डेट्रॉइटची, शिकागोची. पण गाजलेली नव्हे. अमेरिकेत न खपलेली, छोट्या कंपन्यांची, गोदामात धूळ खात पडलेली. डेव्ह गॉडिन नावाच्या एका पत्रकारानं या सगळ्याला 'नॉर्दर्न सोल' असं नाव दिलं. विगन कसिनो नावाचा त्यांचा मोठा अड्डा २३ सप्टेंबर १९७३ ला सुरू झाला आणि बंद कधी झाला? ६ डिसेंबर १९८१. तारीख बघा. आपली माणसं त्या दिवशी चैत्यभूमीवर रांगेत उभी होती. तिथं दारू विकली जात नव्हती. पाय सरकावेत म्हणून फरशीवर पावडर टाकायचे. अंगावर बिल्ला शिवायचे, त्यावर वळलेली मूठ. काळ्यांच्या चळवळीची मूठ! इकडं १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर नाव घेतलं. तिकडं गिरणीतल्या गोऱ्या पोरांनी मूठ घेतली. आपल्याला नाव मिळालं, पण त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली नाहीत. याची मला चुटपुट आहे.

तर त्या अड्ड्यांवर डीजेची किंमत कशावर ठरायची? दुसऱ्याकडं नसलेली तबकडी त्याच्याकडं आहे का, यावर. मग चढाओढ. आणि चढाओढीतून एक हरामखोरी निघाली. डीजे तबकडीच्या लेबलवर कागद चिकटवायचे आणि गायकाचं खोटं नाव सांगायचे, म्हणजे दुसऱ्या डीजेला ती तबकडी शोधताच येऊ नये. फ्रँक विल्सन नावाच्या काळ्या गायकाचं १९६५ चं एक गाणं आहे. मोटाऊन कंपनीनं छापलं आणि बाजारात आणलंच नाही. दोन-चार प्रती कशाबशा वाचल्या. विगनमध्ये ते गाणं वाजलं, पोरं वेडी झाली. पण वाजलं ते 'एडी फॉस्टर' या नावानं! माणूस जिवंत, त्याच्या गाण्यावर हजार पोरं नाचतायत, आणि नाव भलत्याचंच. पुढं २००९ साली त्याची एक प्रत २५,७४२ पौंडांना विकली गेली. त्या वेळच्या भावानं वीस लाख रुपयांच्या आसपास. असल्या जुन्या मालाच्या विक्रीत गाणाऱ्याला कवडी मिळत नाही. विकणारा आणि घेणारा, दोघांचाच तो धंदा.

मी त्या पोरांना शिव्या देत नाही. अमेरिकेनं कचऱ्यात टाकलेली गाणी त्यांनी जपली, हे मोठं काम आहे. काही म्हाताऱ्या गायकांना त्यांनी पुढं इंग्लंडात बोलावून मंचावरही उभं केलं. पण गाणं जपणं वेगळं आणि तबकडी जपणं वेगळं. तबकडी जपणाऱ्याला ती दुर्मीळ राहिलेलीच पाहिजे असते. सगळ्यांकडं गेली की त्याचा भाव पडला.

हा कीडा आपल्याकडंही शिरतोय. भीमगीतांच्या जुन्या तबकड्या आता मुंबईच्या चोरबाजारात सुटाबुटातले लोक उचलतात. घेऊ द्या. पण आपल्यातलेही काही जण, नाव घेत नाही, घरी दोनशे कॅसेट ठेवून बसलेत आणि 'ऐकू द्या ना जी' म्हटलं तर म्हणतात, आधी रक्कम बोला. अरे, ती गाणी तुझ्या बापानं रचली होती काय? बिडी वळता वळता ज्या बाया ती म्हणायच्या, त्यांनी तुझ्याकडं रक्कम मागितली होती का?

१९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते. तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. ते हरले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या प्रचारातली दोन गाणी माझी आजी म्हणायची. तिच्या गळ्याशिवाय ती मी कुठंच ऐकली नाहीत. आजी गेली, गाणी गेली. ज्याची तबकडी निघाली ते राहिलं, ही आपल्या गाण्याची अवस्था. आणि तबकडी कुणाची निघायची? ज्याला मुंबईची गाडी पकडता आली त्याची. प्रल्हाद शिंदेंचा गळा बघा. त्यांची विठ्ठलाची, गणपतीची गाणी पांढरपेशांच्या घरात सकाळी-सकाळी वाजतात, तेव्हा कुणी जात विचारत नाही. त्याच गळ्याची भीमगीतं मात्र त्या घरातल्या कपाटात सापडणार नाहीत. हे जाता जाता.

आता पोट्ट्यांनो, तुमचा नंबर.

वामनदादांचं कुठलंही गाणं नीट ऐका. शेवटच्या कडव्यात बहुतेक वेळा 'वामन' येतो. हे त्यांनी मोठेपणासाठी केलं नाही. आपल्याकडं पूर्वापार ही रीत आहे, तुकोबापासून, कबीरापासून. ज्याच्याकडं छापखाना नाही, कंपनी नाही, वकील नाही, त्यानं आपलं नाव गाण्याच्या आतच विणून टाकायचं. गाणं ज्या तोंडात जाईल त्या तोंडातून नावही जाईल. हा गरिबाचा कॉपीराइट. वामनदादा अक्षरओळख मोठेपणी शिकले, गावोगाव हिंडले, हजारो गाणी लिहिली, २००४ साली गेले. मालमत्ता म्हणाल तर ते शेवटचं कडवं.

तबकडीची एक बाजू वाजायची तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात सगळी कडवी बसायची नाहीत. पण मामाच्या पेटीतल्या ज्या तबकड्या मी ऐकल्या, त्यांत मधली कडवी गळालेली असत आणि नावाचं कडवं टिकलेलं असे. तुम्ही काय करता? मुखडा घेता, एक अंतरा घेता, मग बेस सोडता, मग पुन्हा मुखडा. शेवटचं कडवं गेलं खड्ड्यात. आणि वरून दर वीस सेकंदाला एका बाईच्या यंत्री आवाजात कुणाचं नाव? डीजे अमुक, डीजे तमुक! (हशा) हसू नका. विगनचा डीजे लेबलवर कागद चिकटवायचा. तुम्ही गाण्याच्या आतलं नाव कात्रीनं कापता आणि तिथं स्वतःचं डकवता. तो चोर होता निदान दुसऱ्या डीजेच्या भीतीनं. तुम्हाला कुणाची भीती?

इथल्याच एका गायकानं १९८० च्या दशकात एका कंपनीला आठ गाणी दिली. एकरकमी पैसे घेऊन आला, त्यात घरावर कौलं चढली, बस्स. कॅसेटवर त्याचं नाव बारीक अक्षरात होतं. आज तीच गाणी तुमच्या मोबाईलमध्ये आहेत, तिथं तेही बारीक अक्षर नाही. कायदा २०१२ साली बदलला. आता गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहूनही घेता येत नाही. पण हक्क मागायला आधी गाणं कुणाचं हे कळायला नको का? म्हाताऱ्याचा पोरगा धानाच्या गिरणीत हमाली करतो. मागच्या जयंतीला तो मिरवणुकीत माझ्या बाजूनंच चालत होता. बापाचं गाणं वाजलं, सगळे नाचले. त्यानं मला हळूच विचारलं, "भाऊ, शेवटचं कडवं वाजवतील का हो?" वाजलं नाही. बॅण्ड असता, धुमाल असता तर मी जाऊन वाजवणाऱ्याचा हात धरला असता. डीजेच्या गाडीवर चढायला चार पोरांचं कडं तोडावं लागतं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. नाचा, बेस सोडा, मिक्स करा, पण शेवटचं कडवं पूर्ण वाजवा. ते वाजताना बेस खाली घ्या. फाईलला नाव देताना गीतकार, गायक, गाव, साल लिहा, मग खुशाल स्वतःचं लिहा. ज्या मंडळाला हे मंजूर नाही, त्यानं वर्गणी मागायला माझ्या दारात येऊ नये.

आणि म्हाताऱ्यांनो, पेट्या उघडा. रडत बसू नका. पुढच्या रविवारपासून माझ्या घरी ओसरीवर टेप लावतोय. ज्याच्याकडं कॅसेट, तबकडी, आईच्या हातची गाण्याची वही, दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून घेतलेलं चार आण्याचं पुस्तक असेल त्यानं घेऊन यावं. आपला माल आपल्यासमोर उतरवून घ्यायचा आणि परत न्यायचा, कुणी ठेवून घेणार नाही. पोट्ट्यांपैकी ज्यांना कॉम्प्युटरचं कळतं ते चार जण लागतील. बायांना खास सांगतो, ज्यांच्याकडं नुसता गळा आहे त्यांनीही यावं, माइक आहे. ओल लागलेली कॅसेट आणलीत तर आधी सांगा, सरळ घालू नका, फीत गुंडाळते. माझ्याकडं दोन डेक आहेत. एकाचा पट्टा सैल झालाय, तो या आठवड्यात बदलून घेतो.