परसबागेची आवराआवर

परसांतील ताज्या भाजीची गोडी ज्यांनीं चाखली आहे, त्यांना बाग वाढवावी कशी हें सांगावें लागत नाहीं. ती आवरती कशी घ्यावी हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. पुण्याच्या एका जुन्या वसाहतींतील वृद्ध दांपत्याचें उदाहरण घेऊं. घरामागें बारा वाफे, मांडवावर दोडका, कारलें व वाल, कुंपणाशीं शेवगा. मुलें नोकरीनिमित्त परगांवीं गेलीं, गृहस्थांनीं पासष्टी ओलांडली, गुडघे कुरकुरूं लागले. वाफे मात्र बाराचे बाराच राहिले.

बागेचें माप जमिनीवरून घेण्याची चूक बहुतेकांकडून होते. तें पाण्यावरून व रोजच्या श्रमावरून घ्यावयास हवें. १० फूट लांब व ४ फूट रुंद अशा एका वाफ्यास उन्हाळ्यांत रोज अर्धा सेंटिमीटर पाणी द्यावयाचें म्हटलें, तर १८ लिटरांहून थोडें अधिक लागतें. बारा वाफ्यांना तें २२० लिटरांवर जातें. म्हणजे १५ लिटरांच्या पंधरा बादल्या! या घरीं त्यांतील निम्म्या बादल्या गृहिणी उचलीत असे, व रात्रीं कंबर शेकीत असे. गृहस्थांनीं एके दिवशीं हा हिशेब कागदावर मांडला, तेव्हां फुकटची म्हणून शेजारीपाजारीं वाटलेल्या भाजीची किंमत कोण भरीत होतें, हें त्यांना प्रथमच उमगलें. तेव्हांच बारांचे चार वाफे करावयाचें ठरलें.

मग काय ठेवावें? कोबीचें रोप दोन-तीन महिने जागा अडवितें आणि एक गड्डा देऊन संपतें. लाल भोपळ्याचा वेल सारें अंगण व्यापतो, आणि दोघांच्या घरांत एक भोपळा आठवडाभर पुरून उरतो! हीं पिकें मंडईवर सोंपवावीं. मेथी पंचवीस-तीस दिवसांत हाताशीं येते. ती व कोथिंबीर पंधरापंधरा दिवसांच्या अंतरानें हातभर जागेंत पेरल्यास एकदम ढीग पडत नाहीं. अळू मोरीच्या पाण्यावर पोसतें. कढीलिंब एकदां रुजला कीं त्याची फारशी उस्तवार नको. भेंडी व गवार यांचा मोह मोठा; परंतु तीं दिवसाआड तोडावीं लागतात. शेंगा निबर होऊं दिल्या तर झाडाचा जोर बियांकडे जातो व पुढचा बहर मंदावतो. ज्यांना वरचेवर परगांवीं जावें लागतें, त्यांनीं या दोहोंच्या नादीं लागूं नये.

सोडलेले वाफे नुसते ओस टाकणें हें मात्र शहाणपणाचें नव्हे. लव्हाळ्याच्या गांठी जमिनींत दडून असतात. आणि गाजरगवत, ज्याची नोंद १९५० नंतरच्या दशकांत पुण्यांत झाली व ज्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते, तें मोकळी जागा पाहातांच येतें. त्यापेक्षां पावसाच्या आरंभीं तेथें दाट ताग पेरावा, आणि फुलावर येतांच मातींत गाडावा. तणहि दबतें, मातीलाहि खत मिळतें.

यादी येथवर बिनतक्रार झाली. मांडव मोडावयाचा विषय निघाला, तेव्हां मात्र गृहिणीनें पेन्सिलीवर हात ठेवला.

“अहो, वाल नाहीं हो जायचा.”

ते दाणे तिनें लग्नानंतर माहेराहून आणलेले, दरवर्षीं राखेंत घोळून डब्यांत जपलेले. गृहस्थ म्हणाले, “अग, दाणे राहूं देत डब्यांत, पेरलेच पाहिजेत असें कुठें आहे?” पण तसें चालत नाहीं. ठेवलेल्या बियाण्याची उगवण वर्षागणिक कमी होत जाते. तें जिवंत राखावयाचें तर अधूनमधून पेरावेंच लागतें. दुध्या-भोपळ्यांचे पराग माशा इकडून तिकडे नेतात, त्यामुळें घरच्या बियाण्याचा भरंवसा उरत नाहीं. वालाच्या फुलांत बहुधा त्याच फुलाच्या परागानें शेंग धरते. म्हणून दोन वेलांवरहि जात टिकवितां येते.

अखेर मांडव उतरला, व स्वयंपाकघराच्या खिडकीलगत कुंपणाच्या तारेवर दोनच वेल चढले. बियाण्यासाठीं राखलेल्या ठसठशीत शेंगांच्या देंठांना गृहिणीनें लाल दोरा बांधला आहे. कारण दिसेल ती भरली शेंग तोडण्याची गृहस्थांची खोड जुनी आहे.