घोरणं थांबतं तेव्हा

घोरणारा माणूस सुखी, अशी आपल्याकडे समजूत आहे. ‘ढाराढूर झोपलाय’ म्हणत घरचे लोक कानांवरून चादर ओढून घेतात. मी म्हणतो, चादर जरा बाजूला करा आणि ऐका. घोरण्याचा आवाज नव्हे, तो मधेच बंद पडतो ती शांतता ऐका.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून श्वासाची वाटच बुजते. छाती-पोट हलत असतं, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस धापेसरशी श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला ३० किंवा अधिक वेळा असं झालं, तर आजार तीव्र समजतात.

सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. डोकं जड, दिवसभर पेंग. रमजानात सहेरीला उठणाऱ्याची दुपारची डुलकी वेगळी. ही बारा महिन्यांची असते आणि गाडी चालवतानाही येते. रक्तदाबही वाढतो. रात्रीची खरी साक्षीदार बहुधा बायको. पण तिची तक्रार थट्टेवारी जाते. आणि हो, बायकाही घोरतात. ते मात्र डॉक्टरांपर्यंत कुणी पोचवत नाही. नुसता ‘थकवा’ सांगून त्या टॉनिकची बाटली घेऊन परततात.

१९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा हलका, सततचा दाब देऊन ही वाट उघडी ठेवता येते, हे दाखवलं. तेच आजचं सीपॅप यंत्र. मुखवटा लावून झोपायचं म्हटलं की पहिले काही दिवस जीव नकोसा होतो, पण नीट बसणारा मुखवटा मिळाला की सवय होते. यंत्र वापरलं तरच गुण. कपाटात ठेवून नाही. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, दारू टाळणं यांचाही उपयोग होतो. झोपेच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका, काहींनी घसा आणखी सैल पडतो.

आधी रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्यावी लागते. डॉक्टरांकडे जाताना बायकोला सोबत न्या, आणि प्रश्नांची उत्तरं तिला देऊ द्या.