कर्करोग मेंदूत पोचल्यावर



स्तनाचा कर्करोग मेंदूत शिरला की ‘आता घरी न्या’ म्हणण्याची रीत आम्हांस मान्य नाही. गाठी मोजक्या असल्या तर शस्त्रक्रिया वा नेमका किरणोपचार करता येतो. ‘हर-टू’ जातीच्या रोगात ट्रास्टुझुमॅब व कॅपेसिटाबिन यांना टुकॅटिनिबच्या गोळ्यांची जोड दिली, तेव्हा मेंदूत रोग पोचलेल्या रुग्णांचे मध्यमान आयुष्य १२.५ वरून २१.६ महिन्यांवर गेले. नऊ महिने! तेवढ्यात लेकराची दहावी होते.

पण तोवर चूल कशी पेटावी? राज्य कामगार विम्यात कर्करोगासाठी, अटी पुऱ्या झाल्यास, ८० टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळते. कंत्राटी बाईचे नावच नोंदलेले नसेल तर? कायद्याने वर्गणीची जबाबदारी मूळ मालकाची; कंत्राटदाराकडे बोट दाखवून तो सुटत नाही. नागापूरच्या वसाहतीतील भगिनींनी आपला विमा क्रमांक उद्याच मागून घ्यावा.