निळ्या शिरस्त्राणाचा भरवसा



 

‘शांतिसेना’ हा शब्द आपण आधी ऐकला तो विनोबांकडून. त्यांचा शांतिसैनिक निःशस्त्र होता. १९८७ साली तोच शब्द श्रीलंकेत गेलेल्या आपल्या फौजेला लागला, आणि १९९० साली ती फौज सुमारे बाराशे जवान गमावून परतली. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना पेटलेला मुलूख सावरू शकते का, असे कोणी विचारले की मी उलट विचारतो: तिच्या हाती काय देऊन तिला पाठवले?

१९९२ साली फुटत्या युगोस्लाव्हियात उतरलेल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, १९७१ च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी. सेनेचे काम होते क्रोएशियात. मुख्यालय मात्र बोस्नियातल्या सारायेव्होत ठेवले. संयुक्त राष्ट्रांचा निळा झेंडा डोळ्यांसमोर असला की तिथेही शांतता टिकेल, ही आशा. एप्रिलमध्ये सारायेव्होतच तोफा धडाडल्या आणि मुख्यालयालाच शहर सोडावे लागले. राखण्यासाठी आधी काही शांतता असावी लागते, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तो घेतला गेला नाही.

पुढल्या वर्षी, एप्रिल १९९३ मध्ये, सुरक्षा परिषदेने बोस्नियातले स्रेब्रेनित्सा ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केले. महिन्याभरात आणखी पाच ठिकाणे त्यात आली. त्यांच्या रक्षणासाठी सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी मांडला. परिषदेने मंजूर केले ७,६००. अभ्यासकांनी या दोन आकड्यांपाशी थांबावे, असे मला मनापासून वाटते. क्षेत्र तेवढेच राहिले, ‘सुरक्षित’ हा शब्दही तोच राहिला, फक्त त्यामागचे बळ पाव हिश्श्याच्याही खाली आले. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या सर्ब फौजा स्रेब्रेनित्सात शिरल्या, तेव्हा तिथे हलक्या शस्त्रांचे काही शे डच सैनिक होते. सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. बळ नसताना दिलेले अभय हे अभय न देण्याहून घातक असते, कारण माणसे त्यावर विसंबून पळायची थांबतात. रवांडात तर एप्रिल १९९४ मध्ये, कत्तल चालू असताना, परिषदेने अडीच हजारांची सेना २७० वर आणायचे ठरवले.

म्हणून शांतिसेना निरुपयोगी ठरते का? सिएरा लिओनकडे पाहा. मे २००० मध्ये बंडखोरांनी तिथले सुमारे पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले. ती मोहीमही मोडायच्या बेतात होती. पण ब्रिटनने स्वतंत्र फौज उतरवली, कैलाहूनला वेढ्यात सापडलेले भारतीय जवान ‘ऑपरेशन खुक्री’ने जुलैत बाहेर काढले गेले, बंडखोरांना पोसणाऱ्या हिऱ्यांच्या व्यापारावर बंदी आली, आणि परिषदेने सेनेची मर्यादा साडेसतरा हजारांवर नेली. सत्तर हजारांहून अधिक लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली, २००२ मध्ये निवडणुका झाल्या, २००५ अखेर सेना परतली. हे एकट्या शांतिसैनिकांच्या निळ्या शिरस्त्राणांचे श्रेय नाही; पण त्यांच्यावाचून ती शस्त्रे कोणाच्या हाती सोपवली असती?

माझे मत असे, की ठरावाच्या प्रत्येक शब्दामागे किती माणसे आणि किती निर्धार उभा आहे, हे आपल्यासारख्या अभ्यासकांनी मोजत राहिले पाहिजे. सर्वाधिक सैनिक पुरवणाऱ्या देशांत भारत आहे, पण ठराव ज्यांच्या नकाराधिकारावर अडतात त्यांत तो नाही. बळ किती द्यायचे हे ठरते एका टेबलावर, आणि जवान निघतात दुसऱ्याच गावांतून.

स्रेब्रेनित्साजवळ पोटोचारीला बॅटऱ्यांचा एक जुना कारखाना आहे. डच सैनिकांचा तळ तिथे होता आणि आसऱ्यासाठी लोक तिकडेच धावले होते. समोर आता दफनभूमी आहे. ११ जुलैला तिथे लोक जमतात आणि ज्यांच्या अवशेषांची ओळख नव्याने पटली आहे, त्यांना माती देतात.