सुगीत ठरवायचा खर्च



‘विकसनशील देशांतील व्यापारचक्रे आणि राजकोषीय धोरण’ हा विषय अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि संशोधक म्हणून आपण या अधिवेशनासाठी निवडलात आणि त्यासाठी तासगावला आलात, याचा आम्हा स्वागत समितीला मोठा आनंद आहे.

मी बेदाण्याच्या व्यापारातला माणूस. तेजी-मंदी आम्ही सौद्यात पाहतो. भाव पडला की बागायतदार पहिल्यांदा छाटणीच्या, डिपिंगच्या टोळ्या कमी करतो. त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही. त्याच्या हाती दुसरे काय असते? पण सरकारही जेव्हा तसेच वागते तेव्हा फार मोठे नुकसान होते. पाऊस चांगला झाला, महसूल वाढला की नव्या योजना, नव्या इमारती जाहीर होतात. महसूल आटला की पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही, म्हणून कात्री लागते ती रस्त्यांना आणि बंधाऱ्यांना. म्हणजे ज्या वर्षी गावात कामाची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी सरकारी काम बंद.

हे केवळ आपल्याकडचे नाही. कामिन्स्की, राइनहार्ट आणि वेग या अर्थतज्ज्ञांनी १९६० ते २००३ या काळातील १०४ देशांची आकडेवारी तपासून २००४ मध्ये हेच दाखवले. विकसनशील देशांत बहुधा तेजीत खर्च फुगतो आणि मंदीत आवळला जातो. मंदीत त्यांना कर्ज मिळत नाही किंवा महाग मिळते. तेजीत तिजोरी भरलेली दिसली की प्रत्येकाची मागणी रास्तच वाटते.

चिलीने यातून वाट काढली. तांब्याच्या भावावर त्या देशाचे उत्पन्न हेलकावे खाते. २००१ पासून त्यांनी खर्चाची सांगड चालू भावाशी न घालता, स्वतंत्र तज्ज्ञ समिती ठरवील त्या दीर्घकालीन भावाशी घातली. नंतर तांबे कडाडले तेव्हा पैसे खर्च करा म्हणून अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांच्यावर मोठा दबाव आला. ते बधले नाहीत. म्हणूनच जागतिक मंदीत, जानेवारी २००९ मध्ये, चिलीला ४ अब्ज डॉलरचे पॅकेज जाहीर करता आले.

पण मित्रहो, आपण इतक्या दूर जायची गरज नाही. याच तालुक्यातल्या विसापुरात साठच्या दशकात वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या वेळच्या दुष्काळी कामांची आठवण आमच्या वडीलधाऱ्यांना आजही आहे : खडी फोडणाऱ्या बायका, हजेरीपट घेऊन उभा मुकादम, पोरांच्या हातातली सुकडी. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. विसापूरच्या प्रयोगातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क झाला.

माझ्या मते या योजनेचे खरे मोठेपण तिच्या पैशाच्या व्यवस्थेत आहे. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला आणि त्यातून जमेल तेवढीच रक्कम राज्याने स्वतःची घालायची असे ठरले. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा माणदेशातल्या मजुराच्या हाती जाऊ लागला. दुष्काळात हजेरी आपोआप वाढते, शेतात काम निघाले की मजूर स्वतःहून परत जातो. खर्च कधी वाढवायचा आणि कधी उतरवायचा यासाठी मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. आपण वर्गात स्वयंचलित स्थिरीकरण शिकवता, ते इथे खडीच्या ढिगाशेजारी उभे होते. २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदाही याच वाटेने गेला.

आज सभागृहातल्या बहुतेकांच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. वर्षाला २,५०० रुपयांची ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरली. त्यानंतर पगार कुठल्या कुठे गेले, मर्यादा तिथेच आहे. मजुरीचा दर वाढत जातो आणि तिच्यामागचा हक्काचा निधी मात्र गोठतो, याची मला मनापासून काळजी वाटते. या मर्यादेवर आपण चर्चा करावी आणि शक्य झाल्यास ठराव करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुसरी विनंती तरुण संशोधकांना. राज्याचा अर्थसंकल्प तुम्ही पाहताच. एखाद्या तालुक्याचे वीस-पंचवीस वर्षांचे पाऊसमान, हजेरीपट आणि बांधकामखर्च शेजारी शेजारी मांडून पाहा. कागदपत्रे मिळवून द्यायला आम्ही तुमच्याबरोबर फिरू.

निवासाची आणि जेवणाची सोय आमच्या कार्यकर्त्यांनी जिव्हाळ्याने केली आहे. काही कमी पडले तर हक्काने सांगा. उद्या सकाळी विसापूरला जाण्यासाठी गाड्या ठेवल्या आहेत, नावे आज दुपारपर्यंत नोंदवावीत. आता अध्यक्षांनी अधिवेशनाचे कामकाज सुरू करावे, अशी विनंती करतो.