वाडा गेला, आधार राहू द्या

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो, आणि मुलांच्या वाढीतल्या अशाच इतर अडचणींवर मी बोलावे, असे मंडळाने सुचवले. मी डॉक्टर नाही. राज्य सरकारच्या नोकरीत आहे, त्यामुळे कागद कुठल्या टेबलावरून कुठे जातो एवढे मला कळते. उपचारांचा भाग डॉक्टरांवर सोपवून मी घर, कागदपत्रे आणि आपले मंडळ, या तीनच गोष्टींबद्दल बोलेन.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आजोबा-पणजोबांचे बिऱ्हाड लष्करात, वाड्यात होते. आता आपण सिटी सेंटरला फ्लॅटमध्ये राहतो. वाड्यात एखादे मूल वेगळे दिसले की त्याला 'खुळा', 'वेडसर' म्हणून मोकळे होत. ते वाईटच होते. पण त्याच्याकडे लक्ष ठेवायला चार काकू आणि दोन आज्याही असत. आज नावे ठेवायला माणसे मिळतात, सांभाळायला मात्र आई एकटी. तो आधार पुन्हा कसा उभा करायचा, एवढाच माझा विषय आहे.

जगात साधारण शंभर मुलांमागे एक मूल ऑटिझमचे असते, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने दिला होता. म्हणजे आपल्या एवढ्या मोठ्या समाजात अशी मुले असणारच. ती कार्यक्रमांत दिसत नाहीत, कारण त्यांना घरी ठेवून यावे लागते.

मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द विसरते, तर थांबू नये. आपल्याकडे लगेच सांगतात, "मुलगे उशिराच बोलतात. याचे वडीलसुद्धा चार वर्षांचे झाल्यावर बोलले. वेखंड उगाळून चाटवा." आजीची माया खरी आहे, पण मेंदू सर्वांत वेगाने घडतो तो याच वर्षांत. तपासणीत काही निघाले नाही तर सगळ्यांनाच आनंद. निघाले तर तेवढे महिने हाताशी राहतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढच्या मदतीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. आपले जिल्हा रुग्णालय मुरारला आहे. पहिली चौकशी तिथे करावी.

आता आईबद्दल. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे तिकडचे मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले की आईच्या मायेत ओलावा नाही, म्हणून मूल असे झाले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून ते मत खोडून काढले. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीतून येतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तरीही आपल्याकडे "आई नोकरी करते ना, म्हणून" हे वाक्य अजून ऐकू येते. सासूबाईंनी आणि नणंदांनी एवढे एक वाक्य गिळले, तरी त्या आईला मोठा आधार होईल.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या घरांत मराठी, दारात हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटले की सल्ला मिळतो, "मराठी बंद करा, गोंधळ होतो." घर त्या दिवसापासून अडखळत्या हिंदीत बोलू लागते आणि आजी-आजोबा मुलाशी बोलायचेच थांबतात. दोन भाषांमुळे ऑटिझमच्या मुलांचे बोलणे मागे पडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. ज्या भाषेत आपल्याला लाड करता येतात, रागावता येते, त्याच भाषेत मुलाशी बोलावे. वाक्ये लहान ठेवावीत आणि उत्तराला वेळ द्यावा.

आता कागद. सरकारी हिंदीत ऑटिझमसाठी 'स्वपरायणता' असा शब्द येतो. फॉर्म भरताना तो ओळखीचा असू द्या. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत. गणपतीच्या २१ दूर्वा आठवल्या की आकडा विसरणार नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता, वाचन-लेखनातली विशिष्ट अक्षमता, सारे त्यात आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक लिहिलेले असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. थेरपीचा खर्चही त्यात येतो. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल, ही भीती काढून टाका. शिक्का लोकांच्या तोंडी असतो, कागदाने हक्क मिळतो.

जयवंत दळवींचे 'नातीगोती' आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या आईवडिलांना छळणारा प्रश्न अशा प्रत्येक घरात रात्री जागा असतो : आमच्यामागे याचे काय? मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत, मालमत्तेच्या कामात तिथेच अडते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या, म्हणजे आपल्या कलेक्टरसाहेबांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. भावंडांशी बोलून हे वेळीच करावे.

एका घराची गरज अनेकांचा आधार कशी होते, याचे उदाहरण मुंबईत आहे. होरमसजी आणि व्हेरा वकील यांना डाउन सिंड्रोम असलेली मुलगी होती. तिच्यासाठी त्यांनी १९४४ साली सुरू केलेली जय वकील शाळा आजही चालू आहे. आपल्या ग्वाल्हेरातही थाटीपूरला रामकृष्ण आश्रमाची 'रोशनी' ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. तिथे एकदा जाऊन या, मुलांनाही न्या.

शेवटी आपले मंडळ. ढोल-ताशा, लाउडस्पीकर, लुकलुकते दिवे यांचा आपल्याला उत्साह वाटतो. ऑटिझमच्या अनेक मुलांच्या कानाडोळ्यांना ते सोसत नाही. मूल कान झाकून ओरडते, लोक वळून पाहतात आणि ते कुटुंब पुढच्या वर्षी येत नाही. माझ्या तीन विनंत्या आहेत. दहा दिवसांत एका सकाळी तासभर लाउडस्पीकर बंद ठेवून शांत दर्शन ठेवा. मांडवाजवळ एका खोलीत सतरंजी आणि पंखा असू द्या, म्हणजे मुलाला घटकाभर तिथे नेता येईल. आणि त्याला एखादे काम द्या. दूर्वांच्या जुड्या मोजणे, प्रसादाच्या वाट्या ओळीने मांडणे अशी कामे यांतली काही मुले आपल्यापेक्षा नेटकी करतात.

आणि एक काम मंडळाच्या खर्चात न बसणारे. अशा घरी महिन्यातून एका संध्याकाळी जा. सल्ला देऊ नका. "वहिनी, तुम्ही दोघे बाजारात जाऊन या, दोन तास मी बसतो याच्यापाशी," एवढेच म्हणा. वाड्यात हे न सांगता होत असे. इथे आपल्याला दार वाजवावे लागेल.

गणपती बाप्पा मोरया!